शेजारचा ब्रेक

माझ्या सासूबाईंना गावभर ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांच्या कानावर ते कधीच गेलेलं आहे, आणि मनातून त्यांना ते आवडतं असा माझा जुना संशय आहे. त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो, म्हणजे शिकणारा बावचळला तर शिक्षकाला गाडी थांबवता येते. आणि बावचळायला शिकणाऱ्याला फार मोठं निमित्त लागत नाही. समोरून कोंबडी आली तरी पुरतं.

आमच्या गावातले डॉक्टर, डॉक्टरांची बायको, पोस्टमन, शाळेच्या मुख्याध्यापिका, मी स्वतः आणि माझा नवरा, म्हणजे खुद्द त्यांचा मुलगा, असे सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. खरं तर पायाखालून म्हणायला हवं. शिकणारा कितीही वयाचा असो, त्या त्याला 'बाळा'च म्हणणार. एक निवृत्त न्यायाधीश शिकायला यायचे, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. त्यांनाही पहिल्याच दिवशी, "बाळा, आधी आरसा बघ." न्यायाधीशांनी निमूटपणे आरसा बघितला.

शिकवायला त्यांना फार शब्द लागायचे नाहीत. 'सोड' म्हणजे क्लच सोड. 'दाब' म्हणजे ॲक्सिलरेटर दाब. आणि शिकणाऱ्याचे हात थरथरायला लागले की, "घाबरतोस कशाला, मी आहे ना." बस्स. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघाला नाही. चढावर गाडी बंद न पाडता वर काढली तर "हं, बरं" एवढं मिळायचं, आणि तो माणूस तेवढ्यावर आठवडाभर हवेत असायचा. माझ्या नवऱ्यानं पहिल्याच फटक्यात परीक्षा पास केली तेव्हा त्यालाही "हं, बरं"च मिळालं होतं. ते तो अजून विसरलेला नाही.

मी लग्नानंतर त्यांच्याकडे शिकले आणि मला वाटलं, आपल्याला फारच सुरेख जमतंय. गतिरोधक आला की माझी गाडी कशी अलगद हळू व्हायची. वळणावर कशी शहाण्यासारखी वागायची. लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा एकटी बाजारात गेले तेव्हा कळलं, की गाडी आपोआप हळू होत नसते. त्या दिवशी मी फळवाल्याच्या हातगाडीला अगदी चाटून थांबले. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग? इतके दिवस तुला काय वाटत होतं?"

तर अशा बाईंना स्वतःच्या पोराच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला बंदी होती.

बंदी घातली होती माझ्या नवऱ्यानं, आणि त्याचं अगदीच चुकलं असंही म्हणवत नाही. शेजारी बसल्या की सासूबाईंचा उजवा पाय खाली दाबायचा. तिथे ब्रेक नव्हता, नुसती रबरी चटई होती, पण पायाला हे कोण सांगणार? समोर रिक्षा दिसली की दाब, कुत्रं दिसलं की दाब, सिग्नल पिवळा व्हायचा बेतात आहे असं नुसतं वाटलं तरी दाब. वर दातांमधून हवा आत ओढल्याचा 'स्स'. आमच्या गाडीची शेजारच्या बाजूची चटई नेमकी ब्रेकच्या जागी भोक पडून फाटली. नवऱ्यानं नवी आणली, तीही तिथेच फाटली. शेवटी एक दिवस तो भर चौकात गाडी उभी करून म्हणाला, "आई, तू शेजारी असलीस ना, की मला गाडी येत नाही. खरंच येत नाही. मी पुन्हा शिकाऊ होतो." त्या दिवसापासून सासूबाई मागे बसायला लागल्या. आणि मागे बसलं की त्यांना गाडी लागते. बसमध्ये तर बस सुटायच्या आधीच लागते. हातातली पिशवी रिकामी करून तयार ठेवावी लागते, यापुढचं सांगत नाही.

हे सगळं घरातल्या घरात चाललं होतं तोवर गंमतच होती. मग नवऱ्याची बदली झाली. नवं गाव पाच तासांवर, सगळा हमरस्ता, रेल्वे तिकडे जातच नाही. मी ज्या दातांच्या दवाखान्यात काम करते तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्या गावच्या दवाखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला. म्हणजे जाणं पक्कं झालं. सासूबाईंना आमच्याबरोबर या म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला. गाव सोडायचं नव्हतं, आणि ते मला कळत होतं. पण मग भेटणार कसं?

"मी येऊन घेऊन जात जाईन," नवरा म्हणाला.

"पाच तास मागे बसवून?" सासूबाई म्हणाल्या. "मी काही पार्सल नाही. मला यायचं असेल तेव्हा माझी मी येईन."

त्याच सुमारास त्या निवृत्त झाल्या. स्कूलच्या मालकानं नवी गाडी घेतली आणि जुनी, ती दोन-दोन ब्रेकवाली, सासूबाईंना देऊन टाकली. गॅरेजवाला म्हणाला, शेजारचे पेडल काढून देतो. सासूबाई म्हणाल्या, "राहू देत. कोणी शेजारी बसलं तर त्याला उपयोगी पडतील." आणि निरोपाच्या दिवशी जुन्या शिष्यांनी त्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं. त्यात होती रेसिंगच्या मैदानावर एक दिवस स्पोर्ट्स कार चालवायची भेट. न्यायाधीश साहेबांची कल्पना होती म्हणे. जन्मभर जिनं चाळीसच्या पुढे काटा जाऊ दिला नाही तिला एकदा दोनशेवर बसवायचं, असा एकंदर बेत. सगळे पोट धरून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "चालवायची कोणी? मी?"

"तुम्हीच."

"हं, बरं," त्या म्हणाल्या.

मला याचं नवल वाटलं. ही बाई अशा थट्टेच्या वाटेला जाणारी नाही. मी वाट पाहत होते की पाकीट कपाटात जाईल आणि तिथेच राहील. पण दोन रविवार गेले नाहीत तर त्यांनीच विचारलं, "सुट्टी आहे का तुला? मला त्या मैदानावर नेऊन सोडशील?"

मैदान गावाबाहेर तासाभरावर होतं. मी चालवत होते, त्या शेजारी. मी चालवताना ही बंदी नाही, कारण मला सवय आहे. दवाखान्यातल्या खुर्चीत रोज माणसं हातांच्या मुठी आवळून बसतात, त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करणं हाच माझा धंदा. गावाची वेस ओलांडेपर्यंत त्यांचा पाय चार-पाचदा दाबून झाला. मग त्या एकदम म्हणाल्या, "तुला एक सांगते. पोराला सांगू नकोस."

"काय?"

"गेल्या आठवड्यात मी गाडी घेऊन हमरस्त्याला गेले होते. एकटी. म्हटलं बघू या, तुमच्या नव्या गावाचा रस्ता कसा आहे."

"मग?"

"पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि परत आले." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पाय दाबेचना गं. मागून ट्रक भोंगे वाजवतायत, आणि माझी गाडी आपली तीसवर. शेजारी बघितलं, तर सीट रिकामी."

अर्ध्या गावाला गाडी शिकवलेली बाई, आणि तिला गाडी चालवता येत नाही. पोहायला शिकवणारा माणूस नदीला भितो असं कुणी सांगितलं तर कसं वाटेल? मग हिशोब लागायला लागला. शिक्षकाच्या बाजूला क्लच असतो, ब्रेक असतो. ॲक्सिलरेटर नसतो. त्यांचं स्कूल घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथे त्या चालत जायच्या. घरची गाडी पोराची. म्हणजे इतक्या वर्षांत या बाईच्या पायानं गाडी थांबवली होती फक्त. पुढे नेली होती ती दुसऱ्यांच्या पायांनी.

"तिथे ट्रक नसतील," त्या म्हणाल्या. "वळायला रस्ते नाहीत, कोंबड्या नाहीत. तिथे जमलं तर जमलं. नाहीतर मग मागच्या सीटवर बसायचं आणि पिशवी धरायची." एवढं बोलून त्यांनी पुन्हा चटई दाबली. समोर काहीच नव्हतं.

मैदान म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी झगमगाट असेल. होती एक लांबलचक बैठी इमारत, वर खेचायच्या दारांचे गाळे, गाळ्यांत गाड्या, आणि सगळीकडे तापलेल्या रबराचा वास. पलीकडे काळाभोर रस्ता, जो कुठेच जात नव्हता. फिरून पुन्हा इथेच यायचा. सासूबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला. "म्हणजे चुकलं तरी हरवायला नको," त्या म्हणाल्या.

एका खोलीत सगळ्यांना बसवून फळ्यावर रस्त्याची वळणं समजावली. ब्रेक कुठे मारायचा तिथे नारिंगी टोप्या ठेवल्या आहेत, नजर जिथे तिथे गाडी, वगैरे. बाकीची तरुण मंडळी मोबाइलवर फोटो काढत होती. सासूबाई एकट्याच मान पुढे काढून ऐकत होत्या. मग हेल्मेट. हेल्मेट अंबाड्यावर बसेना. दोन मुलींनी प्रयत्न केले, तिसरा मोठा आकार आणला, तो पुढून डोळ्यांवर आला. शेवटी त्यांनी अंबाडा सोडला, वेणी घालून ती मागून ब्लाउजमध्ये खोचली आणि म्हणाल्या, "आता आणा तो पहिला."

त्यांना लाल गाडी मिळाली. इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसायची तयारी हवी. प्रशिक्षक होता चांगला आडव्या अंगाचा, जाड मिश्यांचा, पन्नाशीच्या आतबाहेरचा, तोंडात कायम लवंग. त्याचं नाव त्यानं सांगितलं होतं, पण आमच्यात त्याचं नाव 'मिशीवाले'च पडलं. सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"इंजिन कुठंय?"

"मागे आहे, मॅडम."

"मग पुढे काय?"

"सामानाची जागा."

"केवढी?"

"एक पिशवी मावेल."

"आणि मागचं काही दिसत नाही की इथून."

"मागचं बघायची वेळ शक्यतो येत नाही," मिशीवाले म्हणाले. सासूबाईंना हे उत्तर पटलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

हेल्मेटमध्ये बोलायची सोय होती, आणि आम्हा घरच्या माणसांना गाळ्यात एक छोटा स्पीकर ठेवला होता, त्यावर आतलं बोलणं ऐकू यायचं. मी स्पीकरला कान लावून बसले. गाडी निघाली. निघाली म्हणजे रांगायला लागली. मिशीवाले सांगत होते, "दाबा मॅडम, अजून थोडं, इथे सरळ आहे," आणि सासूबाई दर वाक्याला "हो सर, हो सर" करत होत्या. त्यांना असं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांच्या गाडीत पहिल्या दिवशी आम्ही सगळे असेच बोलायचो. हो बाई, हो बाई, आणि पाय जागचा हलत नाही. मागून एक पिवळी गाडी आली आणि भुर्रकन पुढे गेली. मग करडी गेली. मग पिवळी पुन्हा गेली.

पहिल्या मोठ्या वळणाशी सासूबाईंना वाटलं गिअर बदलायला हवा. वाटलं म्हणजे पायाला वाटलं. डावा पाय क्लच शोधायला गेला. त्या गाडीत क्लचच नव्हता, गिअर आपले आपण पडायचे. डाव्या पायाखाली आला तो ब्रेक, चांगला रुंद, आणि सासूबाईंनी तो क्लच समजून तळापर्यंत दाबला. एवढ्या वेगवान गाडीला थांबवायचे ब्रेक ते. स्पीकरमधून नुसता 'हुप्' असा आवाज आला, तो मिशीवाल्यांचा होता. गाडी वळणाच्या मधोमध नाक टेकवून उभी. कठड्यावरच्या माणसानं झेंडा फडकवला, मागच्या गाड्या थांबल्या, आणि शांत झालेल्या मैदानावर स्पीकरमधून सासूबाईंचा बारीक आवाज आला, "परत घेऊन चला मला."

त्या उतरल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. तिथल्या व्यवस्थापक बाई आल्या आणि अगदी गोड शब्दांत म्हणाल्या, की रस्त्यात असं थांबणं बाकीच्यांना धोक्याचं, पुन्हा झालं तर आम्हाला तुमचा दिवस थांबवावा लागेल. सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." मग माझ्याकडे वळून, "चल. झालं आपलं काम."

मला भयंकर राग आला. व्यवस्थापक बाईंचा नाही, मिशीवाल्यांचा नाही, कुणाचा ते मला नीट सांगता येणार नाही. सासूबाईंना न्यायाधीशाला बाळा म्हणताना मी ऐकलेलं होतं. त्याच आता हेल्मेटचा पट्टा सोडायला धडपडत होत्या. मी म्हटलं, "आई, चहा घेऊ. मग ठरवू." चहा कुणी नाकारत नाही, म्हणून मी चहा म्हटलं.

मी चहा घेऊन आले तर सासूबाई बाकावर नव्हत्या. लाल गाडीचं शेजारच्या बाजूचं दार उघडं होतं आणि त्या कमरेत वाकून आत बघत होत्या. मिशीवाले मागे उभे. मला वाटलं, काही पडलं की काय.

"सर," सासूबाईंनी आतूनच विचारलं, "तुमच्या बाजूला ब्रेक कुठंय?"

"नाहीये."

"नाही म्हणजे?"

"या गाड्यांना बसवत नाहीत, मॅडम. जागाच नसते."

सासूबाई बाहेर आल्या. "म्हणजे तुम्ही रोज अनोळखी माणसांच्या शेजारी बसता. दोनशेच्या वेगानं. आणि तुमच्याकडे काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग काही झालं तर तुम्ही करता काय?"

"बोलतो," मिशीवाले म्हणाले.

"आणि त्यानं नाही ऐकलं तर?"

मिशीवाल्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तर आणखी सावकाश बोलतो."

सासूबाई पुन्हा वाकल्या आणि आत बोट दाखवून म्हणाल्या, "मग ही चटई का फाटलीय?"

मीही वाकून बघितलं. शेजारच्या बाजूला, उजव्या पायाखाली, नेमकं त्याच जागी, चटईला भोक पडलं होतं. आमच्या गाडीतल्यासारखं. खालचा पत्रा घासून घासून चकाकत होता.

मिशीवाले पहिल्यांदाच मनापासून हसले. "सगळ्या गाड्यांची तीच आधी जाते. माझी बायको म्हणते, घरी सोफ्यावर बसूनसुद्धा माझा पाय दाबतो."

"ब्रेक नसून?"

"नसतो म्हणूनच जास्त."

सासूबाईंनी माझ्या हातातला चहा घेतला आणि उभ्याउभ्याच, फुंकर न घालता पिऊन टाकला. त्यांच्या डोक्यात काहीतरी चाललेलं होतं. शिकणाऱ्याची नेमकी खोट सापडत नसली की त्या अशाच गप्प व्हायच्या. कप परत देत त्या म्हणाल्या, "डाव्या पायाचं काय करायचं?"

"मागे दुमडून घ्या. सीटला टेकवून ठेवा. तो नाहीच असं समजा."

"आणि तुम्ही थोडा वेळ बोलू नका. रागावू नका हं, तुमचं सांगणं चांगलं आहे. पण तुम्ही सांगायला लागलात की मी शिकणारी होते, आणि शिकणाऱ्याला गाडी येत नसते. हे मला माझ्या पोरानं सांगितलंय, मी तेव्हा ऐकलं नाही."

मिशीवाल्यांनी मान हलवली. व्यवस्थापक बाई लांबून बघत होत्या. मी स्पीकरपाशी जाऊन बसले आणि खरं सांगते, माझाच उजवा पाय खाली दाबायला लागला.

गाडी बाहेर पडली. सुरुवातीला नुसता इंजिनचा घरघराट. मग सासूबाईंचा आवाज आला, पण तो 'हो सर'वाला नव्हता. गावातल्या चौकात, उघड्या खिडकीतून, आम्ही सगळ्यांनी ऐकलेला तो आवाज.

"बाळा, आरसा बघ. हं. डावा पाय मागे घे. मागे घे म्हटलं ना. असा. आता दाब."

मला वाटलं त्या मिशीवाल्यांना सांगतायत. मिशीवाल्यांनाही बहुतेक तसंच वाटलं असणार, कारण ते काहीतरी "मी..." म्हणाले आणि थांबले.

"दाब. अजून दाब. सरळ रस्ता आहे, कोंबडी नाही की काही नाही. ती पिवळी जाऊ दे, तिला घाई आहे. तू आपलं बघ. टोपी दिसली? नारिंगी टोपी. आता ब्रेक. हळू, हळू. सोड. सोड आता. सोड, सोड, बाळा. वळव. नजर तिकडे, तिकडे. दाब."

इंजिनचा आवाज चढला. बाहेर मी डोळ्यांनी बघितलं, लाल गाडी त्या मोठ्या वळणातून, जिथे ती मघाशी नाक टेकून बसली होती तिथून, सुळकन निघाली आणि सरळ रस्त्याला लागली. आणि मग तिचा वेग वाढला. खरंच वाढला. मी उभी राहिले. स्पीकरमधून आता इंजिनचाच आवाज जास्त होता, त्यातून तुटक तुटक शब्द येत होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता. क्षणभर आवाज थांबला, वेग उतरल्यासारखा वाटला, आणि मला वाटलं, गेलं. झालं. पाय पुन्हा आखडला.

मग अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "घाबरतेस कशाला? मी आहे ना."

गाडी पुढे गेली. मला स्पीकर धूसर दिसायला लागला आणि मी पदरानं डोळे पुसले. शेजारी कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, रबराचा धूर जातोय डोळ्यांत.

किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. पिवळी गाडी त्यांना पुन्हा ओलांडून गेली हे खरं, करडी मात्र गेली नाही. परत आल्यावर मिशीवाले आधी उतरले आणि दार धरून उभे राहिले. मी विचारलं, "मधे तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"बोलायचं काय?" ते म्हणाले. "गाडीत शिक्षक होता."

सासूबाईंनी हेल्मेट काढलं, वेणी बाहेर ओढली, आणि सगळ्यांत आधी व्यवस्थापक बाईंकडे जाऊन म्हणाल्या, "त्या लाल गाडीची चटई बदला. पाय अडकेल कुणाचा तरी." मग मला म्हणाल्या, "हं. बरं झालं." मी विचारलं, किती वेग गेला होता? त्या म्हणाल्या, "काट्याकडे बघायला वेळ कुणाला होता?"

परतताना मी चालवत होते. त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसल्या. बेल्टखाली मांडी घालून बसणं सोपं नाही, पण त्या बसल्या. समोर ट्रक आला, मग मोटरसायकलवाला आडवा घुसला, आणि मी हळूच शेजारी बघितलं. हात मांडीवर होते. दातांमधून 'स्स' मात्र आला. एका दिवसात सगळंच जात नसतं.

"बोलायचं असेल तर बोला," मी म्हटलं.

"सावकाश घे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, पण आणखी सावकाश.

महिन्याभरानं आम्ही नव्या गावाला आलो. खोक्यांमधून भांडी निघत होती, पडद्यांना मापाच्या दांड्या मिळत नव्हत्या, नव्या दवाखान्यातली खुर्ची करकरत होती. एका सकाळी सासूबाईंचा फोन आला. "मी निघते," त्या म्हणाल्या आणि ठेवला. नवरा त्यानंतर दहा-दहा मिनिटांनी फोन लावत राहिला.

"उचलत नाहीये," तो म्हणाला.

"गाडी चालवताना त्या फोन उचलतील?"

त्याला एकदम बरं वाटलं. मग चेहरा पुन्हा पडला. "चालवत असेल तर."

मी त्याला पेट्रोल पंपाचं सांगितलं नव्हतं. मैदानाचं सांगितलं होतं, तर तो हसला होता आणि म्हणाला होता, तिथे शेजारी माणूस होता ना. ते खरंच होतं. मलाही तीच धास्ती होती. दुपारी जेवण झाकून ठेवून आम्ही दोघं फाटकापाशी जाऊन उभे राहिलो. आमच्या घराचा रस्ता चढाचा आहे, शेवटचा टप्पा तर चांगलाच उभा. उन्हात डोळ्यांवर हात धरून नवरा खाली बघत होता. एक टेम्पो आला, तो पुढे गेला. एक पांढरी गाडी आली, ती शेजाऱ्यांची होती. तो म्हणाला, "मी जाऊन बघतो रस्त्यानं." किल्ली आणायला वळला, आणि तेवढ्यात ती जुनी गाडी वळणावर दिसली. स्कूलचा फलक काढल्याचा चौकोन तिच्या टपावर अजून वेगळ्या रंगात दिसतो.

गाडी चढावर आली. पुढे एक सायकलवाला उतरून सायकल ढकलत होता, म्हणून त्यांना नेमकं चढावर थांबावं लागलं. काच खाली होती. आम्ही फाटकाच्या खांबाआड होतो, त्यांना दिसत नव्हतो. शेजारच्या सीटवर त्यांची कापडी पिशवी होती, आणि पिशवीला बेल्ट लावलेला होता.

"घाई नको," आवाज आला. "जाऊ दे त्याला. हं. आता हँडब्रेक उतरव. सोड, सोड, हळूच सोड. दाब."

गाडी एक इंचही मागे न सरकता वर आली, फाटकापाशी वळली आणि उभी राहिली. इंजिन बंद झालं. हँडब्रेक ओढल्याची करकर ऐकू आली. सासूबाई दोन्ही हात चाकावर ठेवून तशाच बसून राहिल्या, समोर बघत.

"शाबास, बाळा," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं माझा दंड धरला. मग कुजबुजला, "कुणाला म्हणाली?"

"जिनं गाडी आणली तिला," मी म्हटलं. "जा, पिशवी घे."